मॉडेलप्रमाणे पंचेचाळीस

सिम्युलेटरमधला व्हॉल्व्ह कधी तापत नाही, कधी फुटत नाही, कधी म्हातारा होत नाही आणि उलट तर बोलतच नाही. म्हणून तर आमच्या साहेबांना तो खऱ्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त आवडतो. खऱ्या व्हॉल्व्हला वीज लागते, दहा मिनिटं वाट बघावी लागते, आणि एवढं सगळं करून तो मनाला येईल तो आकडा दाखवतो. कॉम्प्युटरमधला कसा, बटण दाबलं की हजर. शिवाय दरवेळी तोच आकडा देतो, त्यामुळे साहेबांना वाटतं की तो खरं बोलतोय.

आमचा कारखाना अँप्लिफायर बनवतो. गाणी ऐकायचे, जुन्या पद्धतीचे, काचेच्या व्हॉल्व्हचे. सगळ्या जगाने ज्या वस्तूला कधीच रामराम ठोकला ती आम्ही नव्याने बनवतो आणि हौशी लोक नंबर लावून घेतात. व्हॉल्व्ह म्हणजे वीतभर उंचीची काचेची नळी. आत कॅथोड तापतो, प्लेट त्याच्याकडून करंट ओढते, आणि दोघांच्या मध्ये ग्रिड नावाची जाळी असते, ती किती जाऊ द्यायचं ते ठरवते. एवढीच गोष्ट आहे. बाकी जे काही ‘उबदार’, ‘मखमली’ वगैरे असतं ते आम्ही पत्रकात छापतो.

मी डिझाइन विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे जिन्यावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक न उघडणारी खिडकी आणि मी. सर्किट बनवण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हे माझं काम. त्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्हचं मॉडेल लागतं. मॉडेल म्हणजे एक छोटी फाइल, तिच्यात दोन समीकरणं आणि सात-आठ आकडे. इतक्या व्होल्टला इतका करंट, हे ती सांगते. ती सांगेल ते कॉम्प्युटर मुकाट्याने मानतो. कॉम्प्युटरचं एक वेळ समजू शकतो, त्याला डोळे नाहीत. पण हळूहळू माणसंही मानायला लागली.

आणि खालच्या मजल्यावर माझी ताई. सख्खी, सहा वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसून व्हॉल्व्ह तपासत होती. खोक्यातून काढायचा, सॉकेटमध्ये बसवायचा, तापू द्यायचा, मीटर वाचायचा, वहीत आकडा लिहायचा. मग नखाने काचेवर हलकी टिचकी मारायची आणि हेडफोनमध्ये कान देऊन ऐकायचं. आतलं काही सैल असलं तर तिला कळतं. कारखान्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. मला इथे चिकटवलं तेही तिनेच. ‘माझा भाऊ आहे, हुशार आहे, थोडा आळशी आहे,’ असं तिने आत्ताच्या साहेबांच्या वडिलांना सांगितलं होतं. पहिलं आणि तिसरं अगदी खरं होतं.

तर झालं काय, की साहेबांनी एक सल्लागार आणला. तिशीतला, चकचकीत बुटांचा, प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू करणारा. आमच्या जुन्या अँप्लिफायरमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक स्क्रू असायचा. व्हॉल्व्ह बसवला की ताई मीटर लावायची, स्क्रू फिरवायची, करंट बरोबर आणायची. सल्लागाराने तो स्क्रू पाहिला आणि त्याला जणू विंचू दिसला.

“मुळात हाताने का फिरवायचं?” तो म्हणाला. “सिम्युलेशन आहे ना आपल्याकडे? आकडा त्यातून काढा, पक्का रेझिस्टर टाका, विषय संपवा.”

मी आकडा काढला. चारशे व्होल्ट, ग्रिडला उणे बत्तीस, करंट पंचेचाळीस मिलिअँपिअर. हा व्हॉल्व्ह वीस वॅटपर्यंत सोसणारा, पंचेचाळीसला अठराच वॅट पडतात, म्हणजे सुखात राहील. स्क्रू गेला, पक्का रेझिस्टर आला आणि नवा अँप्लिफायर बाजारात गेला. त्याच्या उद्घाटनाला सल्लागाराने भाषण केलं. ताईला पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं होतं.

दोन महिन्यांत ते अँप्लिफायर परत यायला लागले. व्हॉल्व्हची प्लेट तापून लालबुंद व्हायची, मग काही दिवसांत व्हॉल्व्ह आडवा. गिऱ्हाइकांनी फोटो पाठवले. एकाने तर कौतुकाने लिहिलं होतं की अंधारात तो लाल उजेड फार छान दिसतो, फक्त जळका वास येतो.

मग बैठक. साहेबांची केबिन, चार खुर्च्या, साहेब, सल्लागार, ताई आणि मी. सल्लागाराने आधीच ताईकडून दहा नवे व्हॉल्व्ह तपासून घेतले होते, तेही नव्या अँप्लिफायरइतकेच व्होल्ट लावून. आकडे आले होते साठ, बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. कुठेही पंचेचाळीस नाही.

“मॉडेलप्रमाणे पंचेचाळीस,” सल्लागार म्हणाला. “ताईंच्या वहीत बासष्ट. मुळात दोनच शक्यता आहेत. एकतर ताईंचा मीटर चुकतोय, नाहीतर ताई खराब व्हॉल्व्ह पास करतायत.”

“तिसरी शक्यता आहे,” ताई म्हणाली.

“कुठली?”

“तुमचा पंचेचाळीस चुकतोय.”

सल्लागार इतक्या प्रेमाने हसला की माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षांत हजारो व्हॉल्व्ह हाताखालून गेलेल्या बाईकडे तो असा बघत होता, जणू तिने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलंय.

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. साहेब तसे वाईट नाहीत; शेवटी जो बोलतो त्याचं त्यांना पटतं, एवढीच त्यांची खोड. ते मला म्हणाले, “अहो, तुम्ही मॉडेल तपासा. आठ दिवस घ्या. मॉडेल बरोबर निघालं तर तपासणीचं टेबल बंद करू. व्हॉल्व्ह विकणाऱ्याकडूनच तपासून मागवू. मग ताईंना...” त्यांनी ताईकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

ताईने वही मिटली आणि ती खाली गेली. जिन्यात मी तिला गाठलं. “तू काळजी करू नकोस,” मी म्हटलं. “मी बघतो.”

“बघ बाबा,” ती म्हणाली. “त्या टेबलाशिवाय मला दुसरं काही येत नाही. या वयात कुठे जाऊ?” तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. असा आवाज मी तिचा आमची आई गेली तेव्हा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार खुर्ची ओढून माझ्या शेजारी हजर. त्याला स्वतः तपासायचं होतं. मॉडेल तपासायचं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण अडलंय कोणाचं? त्याने इंटरनेटवरून कुठल्याशा हौशी माणसाने केलेलं याच व्हॉल्व्हचं मॉडेल उतरवलं, आमच्या सर्किटमध्ये घातलं आणि बटण दाबलं. सिम्युलेटर दोन सेकंद घुटमळला आणि त्याने हात वर केले. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: टाइम स्टेप फार लहान. म्हणजे गणित कुठेतरी अडकलंय, पुढचं पाऊल टाकता येत नाही.

“सेटिंग कडक आहे,” सल्लागार म्हणाला आणि अचूकतेचे आकडे सैल करत सुटला. एकदा सैल, दोनदा सैल, पाचदा सैल. शेवटी सिम्युलेटरही कंटाळला असावा, तो चालला. आमचा छोटासा अँप्लिफायर स्पीकरला तीन हजार वॅट देत होता.

सल्लागाराने पडद्याकडे पाहिलं. मी सल्लागाराकडे पाहिलं.

“मुळात यात दम आहे,” तो म्हणाला.

“दम?” मी म्हटलं. “अहो, एवढ्यात शेजारच्या चार इमारतींच्या काचा फुटतील. पाय बघा पाय.”

त्याने टेबलाखाली आपल्या बुटांकडे पाहिलं. शपथ घेऊन सांगतो, पाहिलं. मग मी त्याला दाखवलं. त्या मॉडेलच्या फाइलमध्ये व्हॉल्व्हच्या पायांचा क्रम आधी प्लेट, मग ग्रिड, मग कॅथोड. याने वापरलेल्या चित्रात आधी ग्रिड. त्यामुळे ग्रिडला चारशे व्होल्ट जात होते. खऱ्या व्हॉल्व्हने तिथल्या तिथे राम म्हटला असता. सिम्युलेटरने शांतपणे तीन हजार वॅट लिहून दिले.

मी क्रम सरळ केला. मग कळलं, ग्रिड नुसतीच हवेत लटकतेय, जमिनीपर्यंत कुठलीच वाट नाही. तिला रेझिस्टर जोडला. मग प्लेटचे व्होल्ट क्षणभर शून्याखाली जायचे आणि समीकरणात उण्या आकड्याचा दीड घात काढायची वेळ यायची, की गणित पुन्हा कोलमडायचं. तिथे शून्याखाली जाऊ नकोस अशी अट घातली. अचूकतेचे आकडे मुकाट होते तसे केले. एवढी मशागत झाल्यावर ते परकं मॉडेल सुतासारखं सरळ चाललं.

करंट आला एकसष्ट.

मी खुर्चीत मागे टेकलो. “बघा,” मी म्हटलं. “ताई बासष्ट म्हणते, हे एकसष्ट म्हणतंय.”

सल्लागाराने मान हलवली. “हे कुठल्यातरी हौशी माणसाचं आहे. त्यावर भरवसा कसा ठेवायचा? आपलं मॉडेल कंपनीचं आहे. आठ वर्षं वापरात आहे. साहेबांनी वापरलंय, मी वापरलंय, पाहुण्यांना दाखवलंय.”

म्हणजे ज्या गोष्टीला सगळ्यांनी माना डोलावल्या ती बरोबर. आणि सगळ्यांनी माना का डोलावल्या, तर ती बरोबर होती म्हणून. या माणसाचं डोकं कुठल्या दुकानात मिळतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो जेवायला गेला आणि मी आमचं मॉडेल उघडलं.

आधी मी तेच केलं जे आठ वर्षांत कोणीही केलं नव्हतं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी छापलेल्या कागदावर करंटच्या रेषा असतात; त्या रेषा आणि आमच्या मॉडेलच्या रेषा एकावर एक काढल्या. आमची प्रत्येक रेषा खाली. एकदोन ठिकाणी नाही, सगळीकडे, जवळपास पाऊणपट. म्हणजे आमचं मॉडेल चांगल्या व्हॉल्व्हचं नव्हतंच. ते दमलेल्या व्हॉल्व्हचं होतं, ज्याच्या कॅथोडमध्ये जीव उरलेला नाही अशा. त्या मरतुकड्या व्हॉल्व्हकडून पंचेचाळीस काढून घ्यायला ग्रिड सैल सोडावी लागली, आणि मग धडधाकट व्हॉल्व्ह तिथे बसला की बासष्ट ओढायचा आणि लाल व्हायचा. इतकी वर्षं ताई स्क्रू फिरवून हे सावरून घेत होती, म्हणून कोणाला कळलं नाही. सगळं लख्ख दिसत होतं. मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. आता त्या ‘मुळात’ला तोंडघशी पाडतो, असं मनात म्हटलं.

मग हे दिव्य मॉडेल बनवलं कोणी, ते बघायला मी फाइलच्या सुरुवातीला गेलो. तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं.

नाव माझं होतं.

खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख आणि लिहिलेलं: ‘नमुना एक.’

सगळं आठवलं. साहेबांकडे बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि त्यांना आमचं स्वतःचं मॉडेल दाखवायचं होतं. मोजायला व्हॉल्व्ह हवा होता. चांगले सगळे मोजून उत्पादनाला दिलेले. ताई त्या दिवशी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, जाताना म्हणाली, “उद्या नवं खोकं येतंय, त्यातला तपासून देते, तोवर थांब.” मी कशाला थांबतोय? तिच्या टेबलाखाली एक लाल डबा असायचा, नापास व्हॉल्व्हचा. त्यातला एक उचलला. दिसायला तो व्हॉल्व्हच होता. मोजला, रेषा आल्या, त्या सुंदर गुळगुळीत होत्या. नापास व्हॉल्व्हच्या रेषाही गुळगुळीतच येतात, हे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. पाहुणे खूश, साहेब खूश, आणि मी डिझाइन विभागाचा प्रमुख झालो. दुसऱ्या दिवशी ताई डबा बघून म्हणाली होती, “यातला एक कमी आहे.” मी म्हटलं होतं, “असेल.”

आठ वर्षं मी त्या दमलेल्या व्हॉल्व्हच्या जिवावर प्रमुख होतो. आणि सल्लागाराला हसत होतो.

मी खाली गेलो. ताई टेबलाशी बसलेली, कानाला हेडफोन. मला पाहून तिने ते काढले.

“मॉडेल चुकलंय,” मी म्हटलं. “तुझं बरोबर आहे.”

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे बघवेना. “मी म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली. “म्हटलं नव्हतं त्या शहाण्याला?” मग तिने विचारलं, “ते मॉडेल तू कशावरून केलं होतंस?”

“एका व्हॉल्व्हवरून.”

“कुठल्या?”

“आता काय आठवतंय,” मी म्हटलं. “आठ वर्षं झाली.”

“बरं,” ती म्हणाली.

नवं मॉडेल करायला मला आकडे हवे होते. तिने वही दिली, गेल्या वर्षभराचे दोनशे व्हॉल्व्ह. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून तीन दिवस बसून तिने बारा चांगले व्हॉल्व्ह नऊ वेगवेगळ्या व्होल्टना मोजून दिले. प्रत्येक वेळी दहा मिनिटं तापू दिले, एकदाही घाई केली नाही. मी एकदा म्हटलं, “पाच मिनिटं पुरतील गं.” तर म्हणाली, “तुला पुरतील.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गुणगुणत होती. शिपायाला सांगत होती की माझा भाऊ वर माझीच बाजू मांडतोय, कॉम्प्युटरवर.

मॉडेल झकास झालं. साठ ते त्रेसष्टच्या मधोमध, बासष्ट. मी अहवाल लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: ‘जुनं मॉडेल मी नापास व्हॉल्व्हवरून बनवलं होतं.’ ते खोडलं. दुसरं लिहिलं: ‘जुन्या मॉडेलचा नमुना योग्य नव्हता.’ तेही खोडलं. शेवटी लिहिलं: ‘मॉडेलची सुधारित आवृत्ती तयार केली आहे.’ वा! काय वाक्य आहे! यात चूक नाही, चुकणारा नाही, लाल डबा नाही. वाचणाऱ्याला वाटावं, मी आठ वर्षं ही सुधारणा करायचीच वाट बघत होतो. मी स्वतःला सांगितलं की ताईचं टेबल वाचतंय ना, मग आपली अब्रू चव्हाट्यावर मांडायची काय गरज आहे? समोर कोणी नव्हतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

दुसरी बैठक. त्याच चार खुर्च्या. मी कागद पसरले: छापील रेषा, नव्या मॉडेलच्या रेषा, ताईच्या वहीतले ठिपके. सगळं एकावर एक चपखल.

“मॉडेलमध्ये सुधारणा केली आहे,” मी म्हटलं. “आता मॉडेल बासष्ट दाखवतं. ताईचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. रेझिस्टर बदलला की व्हॉल्व्ह लाल होणार नाहीत.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “अरे वा! म्हणजे ताई बरोबर!” ते ताईकडे बघून हसले. ताईही हसली, पदर सावरून नीट बसली.

मी सल्लागाराकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो पडेल. तो पडणाऱ्यातला नव्हता. तो पुढे वाकून ठिपके बघत होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

“मुळात हे फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “दोनशे व्हॉल्व्ह, आणि फरक किती? जेमतेम दोन टक्के. म्हणजे ताईंना जे कळतं ते सगळं आता फाइलमध्ये आलंय. बरोबर?” त्याने माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे... हो, आकडे आलेत.”

“मग दोन्हीकडून तोच आकडा येत असेल, तर दोन्ही कशाला?” तो साहेबांकडे वळला. “टेबल आता लागणारच नाही. आधी मॉडेल आणि ताई जुळत नव्हत्या, तेव्हा टेबल ठेवावं की नाही हा प्रश्न होता. आता जुळल्या. प्रश्न मिटला.”

मला वाटलं साहेब हसतील. साहेब मान डोलावत होते. शेवटी तोच बोलला होता ना.

“अहो, पण,” मी म्हटलं, “व्हॉल्व्ह खराब येऊ शकतात. दमलेले, सैल. ते मॉडेलला कसे कळणार?”

“खराब व्हॉल्व्ह गेला तर काय होतं?” सल्लागाराने विचारलं. “गेल्या आठ वर्षांत खराब व्हॉल्व्हमुळे आपलं कधी नुकसान झालंय? एक उदाहरण द्या. एकच.”

एकच. ते उदाहरण या खुर्चीत बसलं होतं. एक नापास व्हॉल्व्ह ताईच्या नजरेआडून वर गेला, आणि त्या एकाने आठ वर्षं सगळ्या डिझाइनची वाट लावली, अँप्लिफायर जाळले. टेबल कशाला हवं, याचा याहून धडधडीत पुरावा जगात कुठे मिळाला नसता. माझ्या जिभेवर होता तो.

“आणि हो,” साहेबांनी सहज विचारलं, “जुनं मॉडेल चुकलं कशामुळे होतं?”

“जुनी आवृत्ती होती,” मी म्हटलं.

साहेबांना पटलं. ते ताईकडे वळले. “ताई, तुम्हाला काही सांगायचंय?”

ताई माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. लहानपणी मी पाढा म्हणताना अडलो, की ती अशीच बघायची, पुढचा आकडा तिला येत असायचा, पण सांगायची नाही.

“मला नाही,” ती म्हणाली. “हा सांगेल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या खोलीच्या दारावरची पाटी आली, तिच्यावरची ‘प्रमुख’ ही तीन अक्षरं. सल्लागाराचं ते प्रेमळ हसू आलं. सांगायला दहा शब्दही लागले नसते.

“मला वाटतं,” मी म्हटलं, “अहवालात सगळं आलंय.”

ताईने वही उचलली. “मग झालं,” ती म्हणाली.

साहेबांनी तिला घरी बसवलं नाही, तेवढं मन त्यांना आहे. तिला पॅकिंगमध्ये टाकलं. टेबल हललं, मीटर कपाटात गेला. कारखान्यात बोलबाला झाला की बहिणीसाठी भाऊ कसा भांडला, मॉडेलच बदलून दाखवलं, पण वरच्यांनी ऐकलं नाही. शिपाई मला जिन्यात भेटून म्हणाला, “साहेब, तुम्ही करायचं तेवढं केलंत.” मी मान खाली घातली. त्याला ते दुःख वाटलं.

पुढच्या आठवड्यात नव्या व्हॉल्व्हचं खोकं आलं आणि न तपासता सरळ जोडणीला गेलं. दुपारी ताई जिना चढून माझ्या खोलीत आली. या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. तिच्या हातात चिकटपट्ट्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक अँप्लिफायरच्या मागे एक पट्टी लागते, तिच्यावर छापलेलं असतं की यातले व्हॉल्व्ह एकेक करून हाताने तपासलेले आहेत, आणि खाली सहीची जागा. एकोणीस वर्षं तिथे ताईची सही असायची.

“सही कर,” ती म्हणाली. “सहीशिवाय खोकं बंद करता येत नाही. साहेब म्हणाले, आता तपासणी तुझ्याकडे.”

“ताई, मी हे तपासलेले नाहीत.”

“माहितीये मला. चाळीस आहेत. गाडी खाली उभी आहे.”

मी पेन घेतलं. ती समोर उभीच राहिली. मी म्हटलं, “ताई, बस ना.” ती बसली नाही. मी म्हटलं, “ताई, त्या दिवशी मी...”

“ते राहू दे,” ती म्हणाली. “सगळे मला विचारतात, भाऊ बोलला का गं तुझ्या बाजूने? मी सांगते, बोलला. घरीही तेच सांगितलंय, तुझ्या बायकोलाही. तुला कोणी विचारलं तर माझ्यापेक्षा वेगळं काही सांगत बसू नकोस. उगाच माझं हसं होईल.”

मी सह्या करत गेलो. पट्ट्या गुळगुळीत होत्या, पेनाखाली सरकत होत्या, सही वाकडी यायला लागली. तेव्हा तिने हात पुढे केला आणि उरलेल्या पट्ट्या, एकेक करून, माझ्यासाठी बोटाने दाबून धरल्या.